सिरॉसिसमध्ये मेंदू मंदावतोय का? घरी आणि दवाखान्यात लवकर ओळखण्याची रीत

सिरॉसिस म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत जाणारा आजार. तो असलेल्या माणसाचा मेंदू मंदावू लागला की आधी बिघडतात ते लक्ष, हिशोब, हाताचा वेग आणि झोप. बोलणं मात्र बराच काळ शाबूत राहतं. त्यामुळे माणूस ओपीडीत बसून नाव, पत्ता, औषधं सगळं नीट सांगतो आणि डॉक्टरांना वावगं काही दिसत नाही. त्याच माणसाने आदल्या आठवड्यात वीजबिल दोनदा भरलेलं असतं, रोजच्या चौकात चुकीच्या बाजूला स्कूटर वळवलेली असते. हे घरच्यांना माहीत असतं, पण ‘वय झालं’ म्हणून कुणी बोलत नाही.

या अवस्थेला डॉक्टर मिनिमल किंवा कव्हर्ट (वरवर न दिसणारी) हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, म्हणजे यकृताच्या आजाराने मेंदूच्या कामात आलेला बिघाड, थोडक्यात ‘एचई’. कुठली चाचणी वापरली आणि आजार किती पुढे गेला आहे त्यावर आकडा बदलतो, पण सिरॉसिसच्या २० ते ८० टक्के रुग्णांमध्ये ती सापडते. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. ती शोधायची कारणं सरळ आहेत: असा माणूस पडतो, गाडी ठोकतो, पुढे उघड भ्रमाचा झटका येण्याची त्याची शक्यता जास्त असते, आणि यावर उपचार आहेत.

घडतं काय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचनांमागचं कारण कळेल. आतड्यात अन्नातल्या प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू बनवतात, काही आतड्याच्या पेशी स्वतः बनवतात. निरोगी यकृत त्याचा युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये कामाच्या पेशी कमी झालेल्या असतात, शिवाय यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढल्यामुळे आतड्याकडून येणारं बरंचसं रक्त आडवाटेने यकृताला वळसा घालून निघून जातं. अमोनिया मेंदूत पोहोचतो, तिथल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी त्याचं ग्लुटामिन करतात आणि त्यात पाणी ओढलं जाऊन फुगतात. यकृतानंतर अमोनिया मुरवणारी मोठी जागा म्हणजे स्नायू. म्हणूनच दंड आणि मांड्या बारीक झालेल्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

बरा असताना मोजून ठेवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. इंदूरच्या मल्हारगंजातल्या सातवी शिकलेल्या आजींचा आणि एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचा वेग एकच असणार नाही. छापील आकड्याशी तुलना केली की आजी उगाच आजारी ठरतात आणि प्राध्यापक उगाच निरोगी. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी व्हायला हवी, आणि त्यासाठी त्याचा चांगल्या दिवसातला आकडा वहीत हवा. सिरॉसिसचं निदान झालं की पहिल्याच महिन्यात हे करून घ्या. दवाखान्यात भरती असताना, ताप असताना किंवा पोटातलं पाणी काढल्यानंतर लगेच घेतलेला आकडा मूळ आकडा म्हणून धरू नका.

मोजणारा माणूस शक्यतो तोच असावा: बायको, मुलगा, सून, जो रोज बरोबर राहतो तो. वेळही ठरलेली, सकाळचा नाश्ता झाल्यावर. पोट रिकामं असलं की साखर खाली असू शकते, आणि दुपारी तर धडधाकट माणूसही पेंगतो. चष्मा लावलेला, टीव्ही बंद. वहीत तारखेबरोबर तीन गोष्टी हव्यातच: रात्री किती झोप झाली, काल शौचाला किती वेळा झालं, नवीन गोळी कुठली सुरू झाली. आकडा घसरला तर कारण बहुधा याच तीन ओळींत सापडतं.

पहिली चाचणी: एका मिनिटात प्राणी

घड्याळ लावा आणि सांगा, ‘६० सेकंदांत जितके आठवतील तितके प्राणी सांगा.’ आधीच स्पष्ट करा की पक्षी, मासे, किडे, साप सगळं चालेल. ‘प्राणी’ म्हटलं की पुष्कळ लोक फक्त चार पायांची जनावरं सांगतात आणि आकडा विनाकारण खाली येतो. इंदूरच्या घरात मराठी-हिंदी सरमिसळ असतेच, ती चालू द्या. पण ‘खार’ आणि ‘गिलहरी’ मिळून एकच. वाघ आणि वाघीणही एकच धरा. तेच नाव परत आलं तर मोजू नका. माणूस अडला तर ‘आणखी सांगा’ एवढंच म्हणा. ‘जंगलातले सांगा ना’ असं सुचवलंत तर चाचणी वाया गेली.

या चाचणीचे निकष इटलीतल्या रुग्णांवर ठरवले गेले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १५ पेक्षा जास्त नावं आली तर एचईची शक्यता कमी. १० ते १५ म्हणजे संशय. १० पेक्षा कमी म्हणजे डॉक्टरांना लगेच कळवण्यासारखं. शिक्षण आठ वर्षांपेक्षा कमी किंवा वय ८० च्या वर असेल तर हे आकडे सौम्य करून घ्यावे लागतात, म्हणूनच स्वतःचा जुना आकडा जास्त उपयोगी. नेहमी १८-१९ सांगणारा माणूस लागोपाठ दोनदा १२ वर थांबला तर १२ हा ‘मधला’ आकडा आहे म्हणून गप्प बसू नका. १५ दिवसांतून एकदा पुरे. रोज घेतली तर माणूस यादी पाठ करतो.

दुसरी: आकडे जोडणे

एका ए-फोर कागदावर दीड सेंटिमीटरचे २५ गोल विखरून काढा आणि त्यांत १ ते २५ आकडे लिहा. शेजारच्या गोलात पुढचा आकडा येणार नाही असं बघा. माणूस रोजच्या व्यवहारात जे आकडे वाचतो तेच वापरा. जुन्या पिढीतल्या काहींना देवनागरी आकडे सोपे जातात, बँकेत काम केलेल्यांना इंग्रजी. वेगवेगळ्या मांडणीचे चार कागद करून ठेवा, कारण तोच कागद परत दिला की जागा लक्षात राहतात.

आधी ८ गोलांचा छोटा सराव द्या. मग पेन्सिल १ वर ठेवून घड्याळ सुरू करा. पेन्सिल न उचलता क्रमाने २५ पर्यंत जायचं. चूक झाली तर लगेच दाखवा, शेवटच्या बरोबर आकड्यावर परत आणा, पण घड्याळ थांबवू नका. चुकीची शिक्षा म्हणजे गेलेला वेळ. पहिल्या दोन वेळा सरावामुळे वेळ आपोआप सुधारते, त्या सोडून द्या. पुढच्या दोन वेळांची सरासरी हा मूळ आकडा. महिन्यातून एकदा नव्या कागदावर घ्या. वेळ मूळ आकड्याच्या दीडपट झाली, म्हणजे ४० सेकंदांची ६० झाली, तर दोन दिवसांनी दुसऱ्या कागदावर पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर फोन करा. दीडपट ही घरच्यांनी सावध होण्यासाठीची रेघ आहे, निदानाची नाही.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी भारतीय डॉक्टरांनी १९९५ मध्ये आकड्यांऐवजी चित्रं जोडण्याची चाचणी आणली. ती घरी बनवत बसू नका, दवाखान्यात मागा.

वेळ लागण्याइतकंच महत्त्व वेळ कुठे लागली याला आहे. निरोगी माणूस पुढचा आकडा शोधताना पेन्सिल थांबवतो पण नजर फिरती ठेवतो. एचई सुरू झालेल्याची पेन्सिल ११ वर थांबते, मग तो १२ ओलांडून १४ कडे जातो, सांगितल्यावर ‘हो हो’ म्हणतो आणि पुढे पुन्हा तेच करतो. ही चूक पाहिली की वहीत शब्दांत लिहा. नुसत्या सेकंदांपेक्षा हे वर्णन डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

तिसरी: अक्षर, चांदणी, हिशोब

रेघी कागदावर दर महिन्याला तेच एक वाक्य, पूर्ण सही आणि एका झटक्यात काढलेली पाच टोकांची चांदणी. कागद तारखेसह लावून ठेवा. अक्षर रेघेवरून घसरतं, वेलांट्या आणि अनुस्वार राहतात, चांदणीची टोकं जुळत नाहीत. बँकेत सही जुळली नाही म्हणून चेक परत आला तर त्याला निव्वळ म्हातारपण समजू नका.

हिशोबासाठी १०० मधून ७ वजा करत जाणं ठीक आहे: ९३, ८६, ७९, ७२, ६५. पण तुकोजीराव क्लॉथ मार्केटात ज्याने जन्मभर थानांचा हिशोब केला त्याला हे झोपेतही येतं. त्याला विचारा, ५०० ची नोट दिली, माल १३७ चा, किती परत? मग त्यातून आणखी ८८ गेले तर? ३६३ आणि २७५. उत्तर बरोबर येण्यापेक्षा किती वेळाने आलं ते पाहा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बायकांच्या बाबतीत खूण वेगळी असते: वरणात दोनदा मीठ, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहणं, दूध रोज उतू जाणं, ओळखीची ठिपक्यांची रांगोळी मध्येच चुकणं. यातली एकही मान्य चाचणी नाही, पण बाईंनी वर्षानुवर्षं न चुकता केलेलं काम चुकायला लागलं तर ते कागदावरच्या कुठल्याही परीक्षेइतकं खरं आहे. आमच्या मते स्त्री रुग्णांमध्ये एचई उशिरा लक्षात येण्याचं एक कारण हेच: विचारताना सगळे ‘गाडी चालवता येते का, ऑफिसचं जमतं का’ एवढंच विचारतात.

झोप आणि हात

रात्री टक्क जाग आणि दिवसा सोफ्यावर डुलक्या, ही झोपेची उलटापालट फार लवकर येते. तिच्यावर उपाय म्हणून घरात असलेली अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी देणं ही सर्रास होणारी आणि सगळ्यात घातक चूक. सिरॉसिसमध्ये अशी गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि सौम्य एचईचं रूपांतर एका रात्रीत गाढ गुंगीत होऊ शकतं.

हात असे पाहा: दोन्ही हात समोर सरळ, मनगट मागे वळवलेलं, बोटं फाकलेली, चौकात गाडी थांबवायला हात दाखवतो तसे. डोळे मिटून ३० सेकंद. पंजा क्षणभर खाली पडून झटक्याने वर येत असेल, तोही अनियमित, तर ती फडफड. बारीक, एकसारखी थरथर वेगळी. ती दारू सोडल्यावर, दम्याच्या औषधाने, थायरॉइडनेही येते. लक्षात ठेवा, फडफड ही बहुधा एचईच्या पुढच्या, म्हणजे दुसऱ्या पायरीची खूण आहे. ‘हात फडफडत नाहीत म्हणजे मेंदू ठीक’ असा अर्थ काढला तर लवकर ओळखण्याची संधीच गेली. शिवाय मूत्रपिंड निकामी होताना किंवा श्वासाच्या आजारात कार्बन डायऑक्साइड साठल्यावरही असेच हात पडतात.

आकडा घसरला तर त्याच दिवशी काय बघायचं

एचई सहसा विनाकारण वाढत नाही. क्रमाने तपासा.

शौचाला कधी झालं? बद्धकोष्ठ हे सर्वात नेहमीचं आणि सर्वात सोपं कारण. मग ताप, पोटदुखी, लघवीची जळजळ: पोटात पाणी असलेल्या रुग्णात त्या पाण्याचाच संसर्ग होऊ शकतो आणि कधी कधी बदललेलं वागणं हीच त्याची पहिली खूण असते. शौच डांबरासारखं काळं आहे का? म्हणजे आतून रक्त जातंय, आणि आतड्यातलं रक्त हे प्रथिनच, त्यातून अमोनिया बनतो. लघवी वाढवण्याच्या गोळ्यांचा डोस वाढला का, उलट्या-जुलाब झाले का? पाणी, सोडियम आणि पोटॅशियम कमी झालं की मेंदू बिघडतो. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर जातो तेव्हा पूर्ण डोस चालू ठेवून दिवसभर लग्नात बसलेला रुग्ण संध्याकाळी गोंधळतो, ते यामुळे. झोपेच्या, वेदनेच्या, ट्रामाडॉलसारख्या गोळ्या, आणि दारू, हेही विचारा.

मधुमेह असेल तर बाकी सगळ्याच्या आधी बोटातून साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तो एचई नाही असंच धरून आधी साखर द्या. आणि गेल्या काही आठवड्यांत पडून डोक्याला मार लागला होता का? सिरॉसिसमध्ये रक्त गोठायला अडचण असते, कवटीत हळूहळू साठलेलं रक्तही असाच गोंधळ घालतं. त्याला सीटी स्कॅन लागतो.

थांबू नये अशा गोष्टी: वार किंवा महिना चुकणं, घरच्यांना न ओळखणं, हाक मारूनही पुन्हा पुन्हा झोपेत जाणं, रक्ताची उलटी, काळं शौच, ताप आणि पोटदुखी एकत्र. १०८ ला फोन करा किंवा थेट पोटविकार विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या तोंडात लॅक्टुलोज (एचईचं नेहमीचं गोड, पातळ औषध) किंवा पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

दवाखान्यात काय मागायचं

कागद-पेन्सिलीच्या पाच चाचण्यांचा संच पीएचईएस नावाने ओळखला जातो: आकडे जोडणे, आकडे-अक्षरं आलटून पालटून जोडणे, आकड्यांना चिन्हं लावणे, गोलांत ठिपके देणे, दोन रेघांमधून रेघ ओढणे. गुण +६ पासून −१८ पर्यंत जातात. −४ च्या आसपास किंवा खाली गेलं की बिघाड धरतात. मात्र वय आणि शिक्षणानुसार भारतीय प्रमाण वापरलं आहे ना, हे जरूर विचारा. फोनवरची स्ट्रूप चाचणी, लुकलुकता दिवा कधी स्थिर दिसेनासा होतो ते मोजणारं यंत्र (३९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३९ लुकलुकींच्या खाली बिघाड धरतात) आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, हे बाकीचे मार्ग. स्ट्रूपमध्ये लाल-हिरवा-निळा ओळखायचा असतो, त्यामुळे रंगांधळेपणा असेल तर ती निरुपयोगी.

अमोनियाच्या रिपोर्टवर फार विसंबू नका. तो वाढलेला आला म्हणून एचई सिद्ध होत नाही. उलट माणूस गोंधळलेला असताना तो सामान्य आला तर डॉक्टरांनी दुसरं कारण शोधावं, एवढा त्याचा खरा उपयोग. आणि नमुना चुकीचा घेतला तर आकडा खोटा वाढतो. मूठ आवळायची नाही, दंडाला पट्टा घट्ट बांधून ठेवायचा नाही, नळी लगेच बर्फात, आणि अर्ध्या तासाच्या आत प्रयोगशाळेत. सुदामानगरात घरून घेतलेलं रक्त बाइकवर आणखी चार घरं फिरून दुपारी पोहोचणार असेल तर तो रिपोर्ट काढूच नका. हा तपास प्रयोगशाळेतच जाऊन द्या.

सापडल्यावर

उपचाराचा पाया लॅक्टुलोज. साधारण १५ ते ३० मिली, दिवसातून दोन-तीन वेळा, पण खरा डोस चमच्यात नाही, शौचात मोजायचा: दिवसाला २ ते ३ मऊ शौच. एकच होत असेल तर डोस अपुरा. ४-५ पातळ होत असतील तर तो जास्त, आणि त्या जुलाबांनीच पाणी-सोडियम कमी होऊन एचई वाढतो. गोड लागतं, पोट फुगतं, म्हणून लोक प्रवासाच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी औषध टाळतात. त्याऐवजी वेळ पुढे-मागे करायला डॉक्टरांना विचारा. चंदीगडच्या पीजीआयमधल्या २००७ च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या लॅक्टुलोजने मिनिमल एचईच्या रुग्णांच्या चाचण्याही सुधारल्या आणि रोजचं जगणंही. म्हणून औषध सुरू झाल्यावरही वही चालू ठेवा. रिफॅक्सिमिन हे आतड्यातल्या जिवाणूंवरचं औषध, ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मुख्यतः उघड झटके परत येऊ नयेत म्हणून देतात. कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

‘प्रथिनं बंद करा’ हा जुना सल्ला अजून घरोघरी चालतो. तो चुकीचा आहे, त्याने स्नायू जातात आणि अमोनिया मुरवायची जागाच कमी होते. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. मुगाचं वरण, दही, दूध, पनीर सहसा चांगलं सोसतं. अंडं चालत असेल तर तेही. उपास नकोत. एकादशी, चतुर्थी, नवरात्रातला निर्जळी उपास तर अजिबात नको, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना डॉक्टरांच्या तोंडून सांगितलेलं बरं. रात्री झोपण्यापूर्वी पोळी-दूध किंवा पोह्यांची वाटी घ्यावी, म्हणजे रात्रभर स्नायू झिजत नाहीत. पोहे मात्र वरून शेव न घालता. पोटात पाणी असेल तर शेवेचं मीठ परवडत नाही.

गाडीचं मात्र स्पष्ट बोला. चाचणी बिघडलेली असताना स्कूटर आणि कार दोन्ही बंद, उपचारानंतर चाचणी सुधारून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत. रुग्ण म्हणतो ‘मी ठीक आहे’, आणि त्याला तसं खरंच वाटतं. स्वतःच्या चुका न जाणवणं हा या आजाराचाच भाग आहे, म्हणून वाद घालण्यापेक्षा आकडे जोडलेले दोन कागद शेजारी ठेवा, जुना आणि नवा.

पुढच्या भेटीला वही, शेवटचे तीन कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (दुसऱ्या डॉक्टरांची आणि मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली सुद्धा) आणि रोज बरोबर राहणारा माणूस, एवढं न्या. रुग्ण एकटाच गेला तर अर्धी माहिती घरीच राहते.